फोम आणि रबर लेझरवर कापताय? आधी तांब्याची तार हातात घ्या

गणपतीच्या आधी महिना-दीड महिना आमच्या दुकानात फोनवर एकच प्रश्न असतो, "दादा, फोम शीट लेझरवर कापून मिळेल का?" आणि माझं उत्तरही ठरलेलं, कुठला फोम? त्यावर समोरचा जरा वैतागतो, म्हणतो अहो फोम म्हणजे फोम, मऊ असतो तो. आता कसंय, २०१८ मध्ये राज्यात थर्माकोलवर बंदी आली तेव्हापासून मखरवाले, डेकोरेशनवाले, शाळेच्या प्रोजेक्टवाल्या आया, सगळे फोम शीटकडे वळले आणि बाजारात त्या एका नावाखाली सहा-सात वेगवेगळी मटेरियल्स विकली जातात. "भाजी आण" म्हटल्यावर मेथी आणायची की वांगी तसं आहे हे. त्यातली दोन-तीन लेझरखाली लोण्यासारखी कापली जातात, एक-दोन पेटतात आणि एक तर असं आहे की तुमची फुफ्फुसं आणि मशीन दोन्ही खाऊन टाकेल. रबरचंही तेच.

माझ्याकडे ६० वॉटची सीओटू (कार्बन डायऑक्साइड वायूची) लेझर ट्यूब असलेलं मशीन आहे, खाली लिहिलेलं बरंचसं त्यावरचंच. डायोडवाल्यांसाठी, म्हणजे ज्यांच्या मशीनमध्ये ट्यूबऐवजी छोटा डायोड लेझर असतो त्यांच्यासाठी, मधे मधे लिहिलंय.

काय कापायचं, काय नाही

ईव्हीए फोम. क्राफ्टच्या दुकानात रंगीत शीट मिळतात त्या, मुलांच्या खोलीत अंथरायच्या पझल मॅट, बऱ्याच चपलांचे सोल, हे सगळं बहुतेक वेळा ईव्हीए. याच्या पूर्ण नावात, म्हणजे इथिलीन व्हिनाइल अॅसिटेटमध्ये, "व्हिनाइल" येतं म्हणून लोक घाबरतात पण त्यात क्लोरीन नसतं, कापताना व्हिनेगरसारखा आंबूस वास येतो तो अॅसेटिक अॅसिडचा. एक्झॉस्ट नीट असेल तर बिनधास्त कापा.

पॉलिइथिलीन फोम. टीव्ही-फ्रिजच्या पॅकिंगमध्ये येतो तो पांढरा ईपीई, आणि त्याचा जास्त घट्ट, बारीक पोताचा भाऊ म्हणजे क्रॉसलिंक फोम, एक्सएलपीई. भोसरी-चाकणच्या कंपन्यांना टूल ट्रॉलीच्या खणात पाना-पक्कडच्या आकाराचे खड्डे कापलेला फोम लागतो ना, तो बहुतेक हाच. छान कापला जातो, पण पेटला की वितळून थेंब थेंब खाली पडतो आणि ते थेंब जळतच असतात, मेणबत्तीसारखे. ईव्हीएपेक्षा जास्त लक्ष ठेवावं लागतं.

सोफा-गादीचा पीयू फोम मी घेत नाही. तो भडकन पेटतो, धुरात हायड्रोजन सायनाइडसुद्धा असू शकतं, आणि आग पसरू नये म्हणून ज्यात केमिकल घातलेलं असतं त्याच्या धुराचा तर भरवसाच नाही. थर्माकोल आणि त्याच्या जातीचे दाट बोर्ड, दोन बाजूंना कागद आणि मधे पांढरा फोम असलेला फोम बोर्डसुद्धा, हे पॉलिस्टायरीन. कडा वितळून आत जातात आणि आग लागते. त्याला गरम तारेचा कटर किंवा साधं ब्लेडच बरं.

आता मुख्य खलनायक, सनबोर्ड. आपल्याकडे साइनबोर्डवाले, डेकोरेटर, इंटिरियरवाले सगळे वापरतात आणि कित्येक जण त्याला सरळ "फोम शीट" म्हणतात. बाजारात या नावाने बहुतेक करून जे मिळतं ते पीव्हीसी. पीव्हीसीच्या वजनात निम्म्याहून जास्त क्लोरीन असतं, लेझर लागला की हायड्रोजन क्लोराइड वायू निघतो आणि हवेतल्या ओलाव्यात तो मिसळला की झालं हायड्रोक्लोरिक अॅसिड, म्हणजे आपण बाथरूम घासायला आणतो त्या अॅसिडचाच प्रकार, फक्त इथे तो तुमच्या छातीत आणि मशीनच्या रेल्सवर. मी पहिल्याच वर्षी हा शहाणपणा केला होता. ऐन जुलैमध्ये एका डेकोरेटरने पाच-सहा तुकडे आणले, म्हणाला थोडंसंच आहे, मीही घेतलं. पंधरा-वीस मिनिटांचं काम. घसा दोन दिवस खवखवला ते सोडा, दुसऱ्या दिवशी सकाळी झाकण उघडलं तर लिनियर रेलवर, जिच्यावर लेझरचं हेड सरकतं तिच्यावर, तांबूस गंज, हनीकोंबच्या (शीट ठेवायच्या जाळीदार बेडच्या) क्लिपांवर पण, आणि बीम वळवणारा एक आरसा असा अंधुक झाला की पुसून पुसून थकलो, शेवटी बदलला. जेवढे पैसे मिळाले त्याच्या कितीतरी पट गेले. सनबोर्ड राउटरवर (फिरत्या पात्याच्या मशीनवर) कापा, हाताने कापा, लेझरवर नको म्हणजे नको.

रबरात शिक्क्यांचं लेझर रबर, नैसर्गिक रबर, सिलिकॉन आणि ईपीडीएम ही चालणारी मंडळी. निओप्रीनमध्ये पण क्लोरीन असतं, वजनाच्या साधारण ४० टक्के, त्यामुळे कुणी इंटरनेटवर कापताना दाखवलं तरी मी घेत नाही. एसीच्या पाइपला गुंडाळतात तो काळा इन्सुलेशन फोम बऱ्याचदा नायट्राइल रबर आणि पीव्हीसीचं मिश्रण असतो, तोही नको. व्हायटॉन नावाच्या रबरात क्लोरीन नाही, फ्लोरीन आहे, आणि ते तर आणखी वाईट. योगा मॅट घेऊन येणारे पण खूप असतात, यावर आमचा लोगो करून द्या म्हणतात. योगा मॅट ईव्हीएची असते, टीपीईची असते, नायट्राइलची असते आणि स्वस्तातल्या कित्येक पीव्हीसीच्या असतात. बघून कळत नाही.

मग कळायचं कसं? तांब्याची तार.

तारेची टेस्ट

ही टेस्ट बाइलस्टाइन नावाच्या केमिस्टने १८७२ मध्ये काढली, आजही अगदी थोड्या पैशांत होते. वायरचं प्लास्टिक सोलून वीतभर जाड तांब्याची तार घ्या, एक टोक पक्कडीत धरा आणि दुसरं छोट्या गॅस टॉर्चच्या निळ्या ज्योतीत धरा. सुरुवातीला ज्योतीत हिरवट रंग दिसला तर दिसू दे, तो पूर्ण जाईपर्यंत तापवा. मग लालबुंद तार लगेच मटेरियलच्या कोपऱ्यावर टेकवा, थोडंसं वितळून तारेला चिकटेल, आणि तेवढंच परत ज्योतीत धरा. पिवळा ज्वाळ आला, काजळी आली, ठीक आहे. हिरवा किंवा निळसर हिरवा रंग चमकला तर क्लोरीन किंवा ब्रोमीन आहे, शीट परत द्या. पहिल्यांदा करत असाल तर आधी पीव्हीसी पाइपचा एक तुकडा लावून बघा, हिरवा म्हणजे कसला हिरवा ते एकदा डोळ्यात बसलं की विसरत नाही.

हे गॅलरीत किंवा दाराबाहेर करायचं, वाऱ्याच्या वरच्या बाजूला उभं राहून, आणि तुकडा अगदी नखाएवढा, कारण याचाही धूर चांगला नसतोच. एक लक्षात ठेवा, या टेस्टमध्ये फ्लोरीन सापडत नाही. आणि ग्लिटर फोम असेल तर वरच्या चमकीची वेगळी आणि खालच्या फोमची वेगळी टेस्ट करा, फोम ईव्हीए असला तरी चमकी कधी कधी पीव्हीसीची असते.

दुकानदाराला विचारून फार उपयोग होत नाही हा माझा अनुभव, तो "हो हो, लेझरवर चालतं" म्हणणारच. मोठी ऑर्डर असेल तर बिलावर मटेरियलचं नाव लिहून घ्या, कंपनीचा माल असेल तर एमएसडीएस (मटेरियलच्या सुरक्षेची माहिती देणारा कागद) मागा. आणि एकाच दुकानातून आणलेला नवीन लॉट पण परत टेस्ट करा, रंग तोच, जाडी तीच, मटेरियल बदललेलं, असं होतं.

मशीन लावण्याआधी

एक्झॉस्ट चालू करा आणि कागदाचा तुकडा झाकणाच्या फटीशी धरा, आत ओढला गेला पाहिजे. फडफडला नुसता तर डक्ट, म्हणजे धूर बाहेर नेणारा पाइप, तुंबलाय. रबराचं काम करणाऱ्यांचा डक्ट आतून काळ्या चिकट थराने भरतो आणि तो थर पेटू शकतो, म्हणून मी दोन महिन्यांनी डक्ट काढून साफ करतोच. डक्टचं तोंड कुठे आहे ते पण बघा. आमचं आधी मागच्या बिल्डिंगच्या खिडक्यांकडे होतं, रबरचे शिक्के सुरू केले आणि तिसऱ्या दिवशी वरच्या मजल्यावरच्या काकू दुकानात येऊन उभ्या, "काय टायर जाळताय का?" त्यांचं चुकलं नव्हतं. आता पाइप गच्चीच्या वर नेलाय.

मास्क लावून एक्झॉस्टचं काम भागत नाही. साधा एन-९५ कण अडवतो, वायू नाही. डोळ्यांचं म्हणाल तर सीओटूच्या १०.६ मायक्रॉनला झाकणाचा अॅक्रिलिक अडवतो, पण उघड्या फ्रेमच्या निळ्या डायोडला, ४५० नॅनोमीटरवाल्याला, त्याच वेव्हलेंग्थचे गॉगल लागतात, दुसऱ्याच कुठल्या रंगाचा चष्मा चालवून घेऊ नका. डायोडवर काळा ईव्हीए, गडद रंग बरे कापले जातात, पांढऱ्यावर बीम बराचसा परावर्तित होतो आणि काही म्हणजे काही होत नाही.

आग विझवायला सीओटूचा सिलिंडर ठेवा, माझ्याकडे २ किलोचा आहे. पावडरवाला मारलात तर आग विझेल पण ती पावडर बेअरिंग, आरसे, लेन्स सगळीकडे जाऊन बसेल. आणि सुती कापडाचा एक ओला तुकडा, मशीनच्या बाजूला, रोज. खालचा ट्रे रिकामा करा, कारण कापलेले छोटे तुकडे हनीकोंबमधून खाली पडून धुमसत राहतात आणि ते वरून दिसत नाहीत.

शीट ठेवणं आणि फोकस

फोम हलका असतो, एअर असिस्टची, म्हणजे पंपाने कापाच्या जागी मारलेली, हवा लागली की उडतो, रोलमधली शीट असेल तर कोपरे वर येतात आणि हेड त्याला धडकतं. रोलची शीट आदल्या रात्री उलटी करून प्लायखाली दाबून ठेवायची. कापताना कडेला चुंबक किंवा स्टीलच्या पट्ट्या, बीमच्या वाटेत येणार नाहीत अशा. शक्य असेल तर हनीकोंबपेक्षा पट्ट्यांचा बेड वापरा, खालून परत येणाऱ्या बीमचे डाग कमी पडतात.

फोकसची एक गंमत सांगतो. ऑटोफोकसची पिन किंवा अंतर मोजायचा हातातला गेज फोमवर टेकवला की फोम दबतो आणि फोकस मिलिमीटर-दीड मिलिमीटर खाली जातो, मग माणूस पॉवर वाढवत बसतो आणि कड करपते. फोमवर ३ मिमी अॅक्रिलिकचा छोटा तुकडा अलगद ठेवायचा, त्यावर गेज लावायचा आणि मग बेड ३ मिमी वर घ्यायचा. ५ मिमीपर्यंत फोकस वरच्या पृष्ठभागावर, १० मिमीला मधोमध. जाड फोमला ४ इंची लेन्स असेल तर उत्तम, २ इंचीने कड डमरूसारखी होते, वर-खाली रुंद आणि मधे अरुंद.

सेटिंग

माझे आकडे देतो पण ते फक्त सुरुवात करायला, तुमची ट्यूब जुनी असेल, आरसे घाण असतील, तर वेगळं येईल. ईव्हीए २ मिमीला ३५ मिमी प्रति सेकंद आणि २५ टक्के पॉवर, ५ मिमीला स्पीड २० आणि पॉवर ४० टक्के, १० मिमीला स्पीड १० आणि पॉवर ५५ टक्के. आधी त्याच शीटच्या कोपऱ्यात १५ मिमीचे चौकोन कापायचे, स्पीड कमी-जास्त करत, आणि जो चौकोन बोटाने हलकं दाबल्यावर निघतो त्याहून फक्त एक पायरी हळू, बस. लोक उलटं करतात, "एका पासमध्ये (एकाच फेरीत) गेलंच पाहिजे" म्हणून स्पीड खूपच कमी करतात. फोममध्ये हळू जाणं म्हणजे उष्णता साठवणं, आतले हवेचे बुडबुडे बसतात, कड आत ओढली जाते, काप रुंद होतो. १० मिमीच्या वर मी जातच नाही. ३० मिमीचा ट्रे हवा असेल तर १० मिमीचे तीन थर वेगवेगळे कापून चिकटवतो, कड पण सरळ येते. दोन पास द्यावेच लागले तर मधे अर्धा मिनिट थांबा.

कापायचा क्रम आतून बाहेर. आधी आतली भोकं, मग बाहेरची आउटलाइन, नाहीतर तुकडा सुटून हलतो आणि पुढचं सगळं तिरकं. एअर असिस्ट पूर्ण, कारण हवा ज्योतीला कापाच्या जागेवर टिकू देत नाही.

टूल ट्रेसाठी एक युक्ती: वरचे थर काळे आणि सगळ्यात खालचा पिवळा किंवा केशरी, म्हणजे पाना जागेवर नसला की रंग ओरडून सांगतो. आणि खड्डा पान्याच्या मापापेक्षा अर्धा-एक मिमी लहान ठेवा. बीम स्वतःच थोडं मटेरियल खातो आणि फोम दबतो, दोन्ही मिळून पकड बरोबर येते. मापाला माप कापलं तर ट्रॉली हलली की पाना खुळखुळतो. शिवाय बोट घालायला अर्धगोल खाच द्यायची विसरू नका, मी एकदा तीस ट्रे विनाखाच दिले होते, पाना बसला तो बसलाच.

फोमवर नुसतं एनग्रेव्हिंग करायचं असेल तर पॉवर एकदम कमी, १२-१५ टक्के, स्पीड ३००. अक्षर खोदलं जात नाही, बसतं आणि थोडं चकाकतं. दोन रंगांच्या थराची शीट असेल तर फार सुरेख दिसतं.

आग लागली तर

छोटी ज्योत कधी ना कधी दिसणारच, म्हणून पहिला आणि शेवटचा नियम, फोम कापताना मशीन सोडून जायचं नाही. मी एकदा फक्त फोन घ्यायला वळलो होतो, अर्धा मिनिट पण नसेल. पॅकिंगचा पांढरा फोम होता. परत बघतो तर हेडच्या मागे बोटभर ज्योत आणि शीटच्या खाली पिवळा उजेड हलतोय. वरची ज्योत ओल्या फडक्याने दाबली तर विझली, पण खाली ट्रेमध्ये थेंब जळतच होते.

म्हणून क्रम पाठ करून ठेवा. इमर्जन्सी स्टॉप. एअर पंप बंद, नाहीतर तो भात्यासारखा हवा घालत राहतो. ज्योत मेणबत्तीएवढी असेल तर झाकण उघडून ओलं कापड दाबा आणि लगेच खालचा ट्रे बघा. त्याहून मोठी असेल तर झाकण बंदच ठेवा, एक्झॉस्ट बंद, भिंतीवरचा मेन बंद, आणि फटीतून सीओटू मारा. मेन चालू असताना पाणी मारायचं नाही, ट्यूबच्या सप्लायमध्ये हजारो व्होल्ट असतात. आवरत नाही असं वाटलं तर बाहेर पडा आणि १०१ लावा.

रबरचे शिक्के

हे माझं आवडतं काम. लेझर रबर साधारण २.३ मिमी जाडीचं येतं, वासाने ओळखू येतं, कमी वासाचं म्हणून विकतात त्यालाही वास असतोच. डिझाइन उलटं करायचं, म्हणजे मिरर आणि निगेटिव्ह दोन्ही, अक्षर उभं राहिलं पाहिजे आणि आजूबाजूचं रबर जळून गेलं पाहिजे. मिरर विसरलात तर शिक्का बघायला सरळ आणि उमटायला उलटा, प्रत्येक शिक्केवाल्याने एकदा तरी हे केलेलं असतं.

मराठी मजकुराला जास्त काळजी लागते. गिऱ्हाइकाची फाइल जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये असते आणि आपल्याकडे उघडली की "श्री"चं काहीतरी भलतंच होतं, त्यामुळे मजकूर कोरलड्रॉ सॉफ्टवेअरमध्ये कर्व्ह (अक्षरांचे आकार) करूनच मागवा आणि जोडाक्षरं एकेक वाचा. बारीक फॉन्टमध्ये शिरोरेषा केसासारखी होते आणि अनुस्वाराचा ठिपका रबराच्या सुळक्यावर एकटाच उभा राहतो, दहा वेळा शिक्का मारला की तुटून जातो, मग "संचालक"चा "सचालक". म्हणून लहान अक्षरांना जाड फॉन्ट आणि सॉफ्टवेअरमधलं रॅम्प चालू करा, त्याने अक्षराच्या पायथ्याला उतार मिळतो, ठिपका डोंगरासारखा उभा राहतो.

माझं सेटिंग २५० मिमी प्रति सेकंद, ६५ टक्के, ओळींमधलं अंतर ०.०६ मिमी, खोली साधारण १ मिमी. ६० बाय २५ मिमीचा शिक्का तीनेक मिनिटांत होतो. कापायला ८ मिमी प्रति सेकंद, ६० टक्के. एक्झॉस्ट मागच्या बाजूला असेल तर एनग्रेव्हिंग खालून वर करा, म्हणजे उडणारी काळी पूड झालेल्या अक्षरांवर बसत नाही, अजून जळायच्या भागावर बसते. एअर असिस्ट इथे मंद, लेन्सवर धूर जाणार नाही इतपतच.

झालं की कोमट पाणी, भांडी घासायचा लिक्विड साबण, जुना टूथब्रश. काळं पाणी निघायचं थांबेपर्यंत घासा.

सिलिकॉनला वेगळी तऱ्हा, ते जळून कडेला पांढरी भुकटी राहते, ती सिलिकाची असते, कॉम्प्रेसरने फुंकून उडवू नका, ओल्या फडक्याने पुसा. काळं गॅस्केट रबर मी ३ मिमीपर्यंतच घेतो, तेही तारेची टेस्ट पास झाली तर. त्यात कार्बन इतका असतो की हात, टेबल, गिऱ्हाईक सगळं काळं होतं. दोनशे-तीनशे नग हवे असतील तर सरळ सांगतो, डाय बनवा, पंच करा, स्वस्त पडेल.

बंद करताना

शेवटचा कट झाला तरी एक्झॉस्ट दहा मिनिटं चालू. रबराच्या दिवशी लेन्स आणि आरसे आयपीए (आयसोप्रोपाइल अल्कोहोल) लावून लेन्स टिश्यूने पुसा, नाहीतर चिकट थर बसलेली लेन्स तापून तडकते. कापलेले फोमचे तुकडे मशीनमध्ये किंवा कागदाच्या डब्यात टाकून जायचं नाही, मी पत्र्याच्या डब्यात झाकण लावून दाराबाहेर ठेवतो. मग ट्रे ओढून हात फिरवतो, कुठे गरम लागतंय का बघतो, आणि मग शटर.